स्कोप घेतला, अण्णा

अण्णा, मागच्या महिन्यात मी रायफलीला स्कोप बसवला. तुम्हाला तो आवडला नसता हे मला माहीत आहे. येलदरीच्या पॉवर हाऊसमधली ड्युटी संपवून रविवारी तुम्ही मला क्वार्टरच्या मागच्या मोकळ्या जागेत न्यायचात, मातीच्या ढिगाऱ्यासमोर डालड्याच्या डब्याचं झाकण उभं करायचात, आणि छऱ्याची बंदूक माझ्या खांद्याला लावून मागं सरकायचात. दुर्बिणीची काच लावून मारणाऱ्याला तुम्ही नेमबाज म्हणतच नव्हता. एकदा मी नुसती गंमत म्हणून धरणाच्या पाण्यातल्या एका होडीवाल्यावर नळी रोखली. बंदुकीत छरा नव्हता. तुम्ही ओरडला नाहीत. बंदूक हातातून काढून घेतलीत आणि म्हणालात, "मानसाकडं नळी करायची न्हाई. भरलेली असो नाय तर रिकामी." पुढचे कितीतरी रविवार मला ती मिळाली नाही. आता परभणीच्या आमच्या क्लबात नवी पोरं येतात, त्यांना पहिल्या दिवशी मी हेच वाक्य ऐकवते, तुमच्याच शब्दांत.

स्कोपची वेळ आली ती डोळ्यांमुळं. पन्नाशी ओलांडली तशी नळीच्या टोकावरची नेमाची माशी धूसर दिसायला लागली. माशीवर नजर ठेवावी तर टार्गेट विरघळतं, टार्गेटकडं पाहावं तर माशी नाहीशी होते. छरे कागदभर पसरायला लागले. आमचे कोच फौजेतून निवृत्त झालेले, मनाचे चांगले. एके दिवशी चहा पिताना ते म्हणाले की मॅडम, तुमी आता पंच व्हा, पोरांना तुमची शिस्त लय कामाची हाय. बोलणं मानाचं होतं, पण मला ते लागलं. त्या संध्याकाळी तुम्ही आठवलात. साधारण याच वयात तुम्ही बंदूक भिंतीला टांगलीत आणि मला म्हणालात, "आता तू मार, मी बघतो." मला वाटलं होतं तुम्हाला कंटाळा आला. तुम्हालाही माशी दिसेनाशी झाली होती का, अण्णा? तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. मी कोचना सांगितलं. हेही सांगितलं की बसून मारायच्या, स्कोप चालणाऱ्या स्पर्धेत मी उतरणार.

दुकानदारानं काउंटरवर आधी सगळ्यात लांब, सगळ्यात चमकदार स्कोप ठेवला. ह्यात चोवीस पट मोठं दिसतं बाई, लाल दिवा पण पेटतो, म्हणाला. आणि खरंच, रस्त्याच्या पार टोकाच्या औषधाच्या दुकानाची पाटी डोळ्यात शिरेल इतकी जवळ आली. पण मला इतक्या लांब मारायचं नव्हतं. आमची रेंज पंचवीस मीटरची. मी विचारलं, इतक्या जवळचं साफ दिसतं का, आणि स्प्रिंगच्या रायफलीचा झटका हा सोसतो का? ती रायफल मागं धक्का देते आणि लगेच पुढंही देते. साध्या स्कोपच्या आतल्या काचा त्यानं खिळखिळ्या होतात. दुकानदारानं डोकं खाजवलं आणि खालच्या कप्प्यातून एक आखूड, काळा, बिनदिव्याचा स्कोप काढला. बारा पटीपर्यंतच, पण पुढच्या टोकाला अंतर जुळवायची कडी, आणि डब्यावर स्प्रिंगच्या रायफलीसाठी असल्याचं छापलेलं. किंमत पहिल्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. स्वस्त म्हणून मी हुरळले नाही. दोन्ही स्कोप रेंजवर लावून बघू द्या म्हणाले. तो भला माणूस स्वतः बरोबर आला.

रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवली आणि तिला हात न लावता नुसतं डोकं इकडं-तिकडं हलवलं. मोठ्या स्कोपात टार्गेट धुरकट, आणि आतली नेमाची फुली त्याच्यावर भटकत होती. म्हणजे मान जराशी चुकली की नेमही चुकणार. छोट्याची कडी फिरवून पंचवीसवर आणली, तशी फुली काळ्या ठिपक्यावर बसली ती बसलीच. पुढची माशी नाही, मागची खाच नाही. ठिपका आणि फुली एकाच जागी, दोन्ही लख्ख. मी श्वास अर्धा सोडला, थांबले आणि चाप ओढला. पुढचे छरे एकमेकांच्या भोकात जायला लागले. दुकानदार म्हणाला, "बाई, मीच चुकीचा माल पुढं करायलो होतो." मी म्हणाले, माल चुकीचा नाही, माझ्या कामाचा नाही.

नांदेडच्या स्पर्धेसाठी संघ निवडला तेव्हा आम्हा सगळ्यांना एकाच सकाळी बसवलं. वारा नव्हता. माझ्या दोन्ही बाजूंना माझ्या लेकीच्या वयाची पोरं होती. मी घाई केली नाही. जो छरा मनाला पटला नाही तो मारलाच नाही, रायफल खाली ठेवून पुन्हा बसले. कोचनी टार्गेटं उतरवली, माझं उजेडाकडं धरून बराच वेळ पाहिलं आणि संघात माझं नाव घातलं. पंच दुसरा शोधावा लागंल म्हणाले. मी म्हणाले, शोधा.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. लहानपणी मला नेमबाजी मुळीच आवडत नव्हती. खांदा दुखायचा, ऊन लागायचं. पण घरात आम्ही पाच भावंडं, आणि रविवारी त्या ढिगाऱ्यासमोर तुम्ही माझ्या एकटीचे असायचात.