धुकं उतरवणारी पट्टी

पिंपळटोली, ता. लाखनी
१७ जानेवारी २०१८

आदरणीय मंगरूदादास,

धाकट्या बहिणीचा सप्रेम जयभीम. आधी गुडघ्याचं सांग. मी सांगितलेला शेक घेतोस, की शेजाऱ्याने सांगितलेलं तेल चोळतोस? (तेलच चोळत असशील. तेहतीस वर्षं नर्स होते, पण तुझ्यासाठी मी अजून नाक पुसता न येणारी सुली.) वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून बरं वाटलं. त्यांना हे पत्र तूच वाचून दाखव, आणि मध्येमध्ये गाळू नकोस. फोनवर तू "बरं बरं, ठेवतो" म्हणतोस आणि खरंच ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले.

तर दादा, तुझी बहीण फोटोग्राफर झाली आहे. हसून घे. रश्मीने नवीन कॅमेरा घेतला आणि जुना दिवाळीत मला देऊन गेली. म्हणाली, आई, निवृत्त झाल्यापासून तू येणाऱ्याजाणाऱ्याचं बीपी मोजत बसतेस, त्यापेक्षा फोटो काढ. मी म्हटलं, कशाचे काढू? म्हणाली, तुमच्या तलावावर हिवाळ्यात केवढं धुकं असतं, त्याचे काढ. आता तूच सांग, धुकं म्हणजे काही न दिसणं. जे दिसत नाही त्याचा फोटो कसा काढायचा? पण पोरगी शिकलेली, म्हणून मी वाद घातला नाही.

पहिल्या दिवशी बॅटरी थंडीने उतरते असं ऐकून मी कॅमेरा रात्रभर दुलईत घेऊन झोपले. सकाळी तलावाच्या पाळीवर चढून बाहेर काढला, तर भिंगावर चहाच्या किटलीसारखी वाफ. पुसली की पुन्हा. दुसऱ्या दिवशी तो रात्रभर पडवीत ठेवला. तेव्हा फोटो आले, पण सगळे मळक्या धोतरासारखे. रश्मीने फोनवर समजावलं की पांढरं दिसलं की कॅमेरा बिचकतो, फार उजेड आहे समजून सगळं काळपट करतो, म्हणून त्याला एक घर उजेड वाढवून द्यायचा. शिवाय नुसत्या धुक्यावर त्याची नजर ठरत नाही, घुं घुं करत राहतो, म्हणून त्याला धरायला एखादं काळं झाड द्यायचं. मी आपलं मोहाचं झाड दिलं. तिसऱ्या दिवशी उगवत्या सूर्याचे अकरा फोटो काढले. गोल, पिवळा, इतका देखणा की काय सांगू. बाराव्या फोटोला सूर्याने हॉर्न वाजवला आणि साकोलीच्या बाजूला निघून गेला. (हायवेचा ट्रक होता. धुक्यात दिशा कळत नाही, हे तुला ठाऊकच आहे.)

मग आलं एडिटिंग. रश्मीने मोबाईलमध्ये एक अॅप घालून दिलं आहे. कॅमेऱ्यातले फोटो त्यात येतात, आणि डावीकडे-उजवीकडे सरकवायच्या पट्ट्या असतात. एकीने उजेड, एकीने रंग, आणि एक पट्टी चक्क धुकं उतरवणारी! मी ती टोकापर्यंत ओढली. दादा, जादू! पलीकडचा काठ, बेशरमीची झुडपं, एकेक पान मोजून घ्यावं असं स्वच्छ. मी लगेच रश्मीला पाठवला. तिचा फोन आला, "आई, धुक्याच्या फोटोतलं धुकंच धुऊन काढलंस? आणि त्या झुडपामागे कोण बसलं आहे?"

मी चष्मा लावून पाहिलं. बसला होता धनीराम. शेजारी टमरेल. हाच धनीराम ग्रामपंचायतीच्या स्वच्छता समितीत आहे, आणि गावाच्या वेशीवर "हागणदारीमुक्त गाव" हा बोर्ड त्यानेच स्वतः खड्डा खणून लावला आहे. मी फोटो त्याच क्षणी पुसला (नर्सच्या तोंडाला कुलूप असतं), पण तो माझ्याकडे चहाला आला असताना मला अचानक हसू फुटलं, आणि त्याला काय ते समजलं. तेव्हापासून तो रोज सकाळी दारावरून अदबीने विचारतो, "नर्सबाई, आज कोन्या बाजूले जाऊन राहिल्या?" मी उत्तरेला म्हटलं की तो दक्षिणेला जातो. आता म्हणे घरचा संडास वापरतो. सरकारला जे तीन वर्षांत जमलं नाही ते माझ्या एका पट्टीने केलं.

इथवर हसलास ना? आता पुढचं नीट ऐक.

गेल्या आठवड्यात सोमवारी धुकं असं पडलं की स्वतःचा हात लांब केला तर बोटं दिसेनात. मी पाळीवर उभी राहून एकतीस फोटो काढले आणि घरी येऊन चहा ठेवला. आठच्या सुमाराला डोमा आला. तोच, बोलताना शब्द मोजणारा. अंगात नुसतं बनियान आणि पायात चप्पल नाही. म्हणाला, "माय दिसली का तुमाले? पहाटे उठून कुठं गेली त मालूमच नाही."

त्याची माय म्हणजे आपल्या रंभाबाई. तुला त्या धानाचा रोवणा करताना गाणं म्हणणाऱ्या रंभाबाई आठवत असतील. आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि वर्षभरापासून त्यांना काही आठवत नाही. सुनेलाच विचारतात की तू कोणाची वं? अर्धं गाव हायवेकडे धावलं होतं, कारण धुक्यातले ट्रक आणि म्हातारं माणूस, यापुढचा विचार कोणी बोलून दाखवत नव्हतं. दोघंजण विहिरीत गळ टाकत होते. मी म्हटलं, "नाही रे डोमा, मले कोनीच नाही दिसलं." तो तसाच वळला. त्याची पाठ पाहिली आणि माझ्या डोक्यात आलं, मला दिसलं नाही, पण कॅमेऱ्याला?

चहा तसाच उतू गेला. मी एकेक फोटो घेऊन पट्टी ओढत सुटले. पांढरं, पांढरं, मोहाचं झाड, पांढरं. एकोणिसाव्या फोटोत तलावाच्या तोंडाशी, जिथून शेताला पाणी सोडतात तिथे, आगकाडीएवढी एक काळी रेघ. मी म्हटलं खुंटा असेल. पण विसाव्या फोटोत खुंटा डावीकडे, नाल्याच्या बाजूला, सरकला होता. खुंटे चालत नाहीत.

डोमाला हाक मारली, लोक जमले. धनीरामने मोबाईल हातात घेतला आणि म्हणाला, "अवो नर्सबाई, हा फोटो त सा वर्सांआंधीचा हाय! पाहा, २०१२ लिवला हाय." (कॅमेऱ्यातली तारीख मी कधी लावलीच नव्हती.) लोक माझ्याकडे असे पाहू लागले, जणू बाईला थंडी बाधली. मी ओरडले, "अरे, साल चुकलं असंन, पन दोन फोटोंत चार मिनिटं हायेत का नाही? चार मिनिटांत माय हायवे सोडून नाल्याकडे गेली! चला!" कोणी हललं नाही. फक्त डोमा धावला. मग धनीराम धावला, आणि तो धावला म्हणून सगळे.

रंभाबाई नाल्यापलीकडे, पूर्वी जी धानाची बांधी त्यांची होती तिथे सापडल्या. दवाने भिजलेल्या लाखोळीच्या पिकात बसून भाजी खुडत होत्या. ओठ निळे, लुगडं चिंब, आणि चेहरा अगदी शांत. मला पाहून म्हणाल्या, "आलीस का वं? बाकीच्या बाया कुठं रायल्या? रोवणा कवा होईल?" मी माझी शाल गुंडाळली, ओलं लुगडं सोडवलं, हातपाय चोळले. नाडी बारीक होती. आणखी तासभर उशीर झाला असता तर काय, ते मी तुला लिहीत नाही. डोमाने मायला पाठीवर घेतलं आणि गावापर्यंत कोणाला हात लावू दिला नाही.

आता त्या बऱ्या आहेत. गुरुवारी डोमा आला, दारात उभा राहून म्हणाला, "तो फोटो मले द्या ना. मायचा एकबी फोटो नाही घरी." मी म्हटलं, अरे, त्यात माय कुठे दिसते, नुसती रेघ आहे. तो म्हणाला, "मले दिसते."

मग मी दोन दिवस त्या विसाव्या फोटोवर बसले. या वेळी पट्टी उलट, अगदी हळू ओढली. थोडं धुकं परत दिलं, झाड मागे जाऊ दिलं, आणि ती रेघ तेवढी राखली. रश्मीला पाठवला. तिचा फोन आला, "आई, आता झाला फोटो." दादा, निवृत्तीच्या दिवशी साडी-नारळ मिळाला तेव्हा मी रडले नव्हते. लाखनीहून मोठा करून आणला आणि डोमाच्या भिंतीवर लावला. धनीराम पाहुण्यांना दाखवतो, "आमच्या नर्सबाईनं धुक्यातून मानूस काढला." मी विनयाने खाली पाहते, पण तिथून हलत नाही.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझी,
सुलोचना

ता. क. वहिनींसमोर खोटं नको, म्हणून लिहिते. एकोणिसावा फोटो मी काढला होता. विसावा मी काढलेला नाही. पदराने भिंग पुसताना बटण दाबलं गेलं. रश्मीने नेमकी त्याच फोटोची तारीफ केली आहे. तिला सांगू नकोस.

ता. क. २. बाबांचा एकुलता एक फोटो तुझ्याकडे आहे. मागे मी मागितला तेव्हा तू म्हणालास की आता त्यात काही उरलं नाही, सगळं पांढरं पडलं आहे, फेटा तेवढा कळतो. त्यावरून आपण दोन वर्षं बोललो नाही. दादा, तो फोटो पाठव. ठेवून घेणार नाही, शपथ. दोन प्रती काढीन, एक तुला. चेहरा येईल की नाही सांगता येत नाही, पण पांढऱ्यात काही नसतं असं आता मला कोणी सांगू नये.