अठरा नखांपैकी एक

मी, माणिक गोमा भोईर, वय ७९, राहणार मुलुंड पश्चिम, कोणाच्याही दबावाखाली न येता हे लिहून ठेवतो. गुडघे गेलेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टर रश्मी कदम यांनी तपासून तसा दाखला दिलाय.

१. राहतं घर माझी नात रुचिका हिला. बँकेतली ठेव सून दीप्ती हिला. मुलगा गेल्यावर तिनेच मला सांभाळलं.

२. आरामखुर्ची शेजारच्या नानाला. ‘आपल्या इमारतीत खुनी शिकारी राहतो’ असा अर्ज त्याने सोसायटीत दिला. १९६६ साली मी बिबट्या मारला तेव्हा गावात याचाच बाप बिबट्याच्या बैलगाडीपुढे नाचला, आणि नख मागायलाही पहिला तोच हजर. खुर्चीत बसून नानाने तेवढं आठवावं.

३. बिबट्यालाही आम्ही वाघच म्हणायचो. वाघनख गळ्यात बांधलं की पोर घाबरत नाही, अशी समजूत. अठरा नखं निघाली, सतरा गावात वाटली. एक मी चांदीत मढवून ठेवलं आणि रुचिकाच्या बारशाला तिच्या गळ्यात घातलं. मोठी होऊन ती जंगलात बिबट्यांची मोजणी करायला लागली. चार वर्षांपूर्वी तिने ते नख माझ्या पुढ्यात टाकलं. ‘आजोबा, लाज नाही वाटत?’ मी म्हणालो, ‘नरभक्षक होता गं तो.’ तेव्हापासून ती आलेली नाही.

४. रुचिका, मी खोटं बोललो. ती मादी होती. तिने एक शेळी नेली होती, माणसाला कधी शिवली नव्हती. माझा बाप सांगायचा, पाणवठ्यावर जनावर दिसलं तर मागून काय येतंय ते बघ, मगच चाप ओढ. मला घाई झाली. बार उडाल्यावर झाडीतून दोन पिल्लं आली आणि तिला लुचायला लागली. माणसांची चाहूल लागल्यावर पळाली. मी शोधली नाहीत. गाव नरभक्षक म्हणालं, मी गप्प राहून हार घालून घेतले. त्याचं मला फार वाईट वाटतं, पोरी.

५. नख वनखात्यात जमा करावं. मेलेल्या मादीशेजारी हार घालून काढलेला माझा तेव्हाचा फोटो जाळू नये. त्याच्या मागे मी वरचं सगळं लिहून सही केली आहे. घर मिळण्यासाठी रुचिकाने मला माफ करायलाच हवं, अशी अट नाही.

ठिकाण: मुलुंड. दिनांक: १६ जून २०२४
सही: माणिक गोमा भोईर
साक्षीदार: डॉ. रश्मी कदम, अंबादास म्हात्रे (माझा भाचा, वय ६१)

ता. क. सह्या झाल्यावर अंबादासने सदऱ्याआतून काळा दोरा काढला आणि त्या सतरांतलं त्याचं नख टेबलावर ठेवलं. म्हणाला, ‘हेपण लिहा, मामा.’ कलम ५ मध्ये नखं दोन धरावीत. तिघांनी पुन्हा सह्या केल्या.