ऑगस्ट तुझा

वॉटफर्ड,
मंगळवार, ६ मे २०२५

चि. धम्मशीला हिला आजीचा जयभीम आणि गालावरून हात.

इकडे सगळे खुशाल. तू जेवतेस ना वेळेवर? उद्या सम्यक गाडी घेऊन नॉटिंगहॅमला येतोय, त्याच्या हाती हे पत्र आणि सुकटीची चटणी देते. चटणी पिशवीत पिशवी घालून बांधलीय, तरी तुझा भाऊ म्हणतो, "आजी, माझ्या गाडीला वास लागेल." म्हटलं लागू दे, गाडीला तरी कळेल आपण कुठले ते.

फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर तू "आजी, एक मिनिट, ऐक ना" म्हणतेस आणि ते मिनिट सगळं तुझंच असतं. पत्रात मी बोलणार, तू ऐकणार. मराठी अक्षर लावायला तुला वेळ लागतो, माहीत आहे. लाव हळूहळू. मीही हळूहळूच लिहितेय.

सोमवारी बुद्धपौर्णिमा. तुझी आई खीर करणार आहे. वरच्या खोलीतल्या मूर्तीपुढे मेणबत्ती हल्ली तीच लावते. माझा पलंग खाली पुढच्या खोलीत आणलाय, सांगितलं का तुला? छान वाटतं गं. खिडकीतून रस्ता दिसतो, समोरच्यांचं कुत्रं दिसतं, पोस्टमन दिसतो. गुडघ्याचं विचारशील, तर गुडघा आहे जागच्या जागी.

परवा विहारात बायकांना तुझं सांगत होते. त्या वरदाबाई आहेत ना, त्यांना सगळंच खोदून विचारायची सवय. म्हणाल्या, "एवढी वर्षं झाली, अजून डॉक्टर नाहीच का झाली?" मी म्हटलं, अहो, नुसतं पुस्तक वाचून होतं का? महिना-महिना दवाखाने बदलत काम करायचं असतं. आम्ही नाही का खुरपायला जायचो, आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या? बांधावर मुकादम उभा, कुणाचा हात कसा चालतो बघत. तसंच ते. अमेरिकेत अपघात विभागाची डॉक्टर व्हायचं तर आधी तिकडच्या दवाखान्यात महिनाभर राबायचं, मग तिथले सगळे मोठे डॉक्टर मिळून एकच चिठ्ठी लिहितात, पोर कशी आहे म्हणून. बरं ते बरं, वाईट ते वाईट. आणि ती चिठ्ठी जिच्याबद्दल आहे तिलाच वाचायला मिळत नाही! वरदाबाईंनी तोंडावर हात ठेवला. बघ, तू सांगितलेलं मी कसं पाठ केलंय.

मला त्या चिठ्ठीचं काही नवल वाटलं नाही. तुझे आजोबा इकडे छापखान्यात लागले आणि मी गावी होते, तेव्हा त्यांची पत्रं माझ्याच नावाची, पण वाचायची आशा मास्तरीण. मधेच ती दोन ओळी गाळायची आणि खोकायची. मला वाटायचं हिला कफ झालाय. इकडे आल्यावर ह्यांना विचारलं, तर कान लाल झाले. म्हणाले, "त्या ओळी मास्तरणीने वाचायच्या नव्हत्याच." त्या ओळी काय होत्या ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. तेव्हाच मी ह्यांच्याकडून अक्षरं शिकले, चुलीपुढे, म्हणजे गॅसपुढे. म्हटलं, आता मधे कुणी खोकायला नको.

तर मीही आता न खोकता लिहिते.

तिकडच्या महिन्याची जागा मिळाली नाही, असं तू मला सांगितलं होतंस. म्हणून रविवारी जेवताना मी म्हटलं, "त्या अमेरिकावाल्यांचं डोकं फिरलंय का? माझ्या पोरीला ऑगस्टची जागा दिली नाही." सम्यक तोंडात घास घेऊन म्हणाला, "दिलीय की! तीच नाही म्हणणारे." तुझ्या आईने टेबलाखालून त्याला लाथ मारली, ती बसली माझ्या गुडघ्याला. दुखऱ्याच. मी अशी ओरडले की तुझा बाप चंद्रशेखर हातातलं ताट घेऊनच उभा राहिला. "आई, अँब्युलन्स बोलवू का?" म्हटलं, बस खाली. आधी मला सांगा, माझ्यापासून काय काय लपवलंय.

मग सगळं निघालं. जागा मिळालीय. शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. आणि तू नाही म्हणणार, कारण जुलैच्या शेवटी माझं ऑपरेशन, आणि मीच थंडीत म्हटलं होतं की शीला घरी असेल तरच गुडघा कापू देईन. म्हटलं होतं खरं. परक्या माणसाने काखेत हात घालून उठवायचं, ते मनाला येईना. पण तो महिना गेला तर चिठ्ठी गेली, आणि चिठ्ठी गेली तर यंदाचा अर्ज गेला, हे मला कुठे ठाऊक होतं?

काल सुट्टी होती, म्हणून आज सकाळी तुझ्या आईला हॉस्पिटलला फोन लावायला लावला. ती म्हणे, "आई, एवढी वाट बघून तारीख मिळालीय. परत मागे ढकलतील." म्हटलं, लाव. पलीकडच्या मुलीने विचारलं, तारीख का नको? तुझी आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, सांग, आमच्या घरची डॉक्टर तेव्हा परगावी आहे. ती मुलगी हसली आणि "ओके, माय लव्ह" म्हणाली. मला! नवी तारीख पोस्टाने येईल. कधी, ते तिलाही माहीत नाही. फार उशीर होणार नाही असं ती म्हणाली. तुझी आई म्हणते, असं ती काही म्हणालीच नाही. तू आईचं ऐकू नकोस.

म्हणजे जुलैची तारीख गेली. मी देऊन टाकली. आता तू नाही कळवलंस तर तुझीही जाईल आणि दोघी नुसत्या एकमेकींची तोंडं बघत बसू. रागावशील. रागाव. जयंतीला हॉलमध्ये ते म्हातारे गृहस्थ खुर्चीवरून घसरले, तेव्हा सगळे ओरडत होते, भाषण करणारे भाषणच करत होते, आणि तू त्यांचा टाय सैल करून "मागे व्हा सगळे!" म्हणालीस. माझा मुलगा मागे झाला, अध्यक्ष मागे झाले, मीसुद्धा मागे झाले. मग आता माझ्या एका गुडघ्यासाठी तूच कशी पुढे येऊन उभी राहतेस? मागे हो.

पुढे तिकडेच नोकरी लागली तर तिकडेच राहशील, हे कळतं मला. ह्यांनी बोलावलं तेव्हा माझ्या आईनेही डोळ्याला पदर लावला, पण पिशवी तिनेच भरून दिली.

एक राहिलंच. थंडीपासून मी वर गेलेली नाही. पलंग त्यासाठी खाली आला, रस्ता बघायला नव्हे. तुझी आई म्हणते मूर्ती खाली आणू, मी आणू देत नाही. वंदना वर बसूनच म्हणायची, तुझ्याबरोबर. सप्टेंबरात तू येशील तोवर नवा गुडघा बसला असला, तर मी पुढे, तू मागे. नसला, तर मूर्ती तू खाली आण. तू आणलीस तर चालेल.

शुक्रवारी हो कळव. मग फोन कर, तेव्हा तुझं एक मिनिट पुरं ऐकते.

जिना चढायची मुळीच घाई नसलेली,
तुझी आजी
कांताबाई