खांद्याच्या वर चार बोटं

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर आपलं दोन मिनिटांत भांडण होतं, म्हणून लिहितेय. आईने काल पुन्हा विचारलं, दादा कधी येणार. तिचं विसरणं वाढलंय. डॉक्टर म्हणाले, ज्यांना भेटायचंय त्यांनी लवकर भेटून घ्यावं. सात वर्षं झाली तुला येऊन.

तू आलास तर उत्तमच. नाहीच जमलं तर निदान फोटो तरी. आपल्या तिघांचा एकत्र असा एकही नाही. फोटो स्टुडिओत मी दिवसभर वेगवेगळे काढलेले लोक एका फोटोत जोडून देते, मग घरच्यांनी काय घोडं मारलंय? आईला खुर्चीत बसवेन, टायमर लावून मी तिच्या मागे एका बाजूला उभी राहीन, दुसरी बाजू तुझ्यासाठी रिकामी. तू तिकडे तसाच काढ. खिडकी कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला, मागे पांढरी भिंत, कॅमेरा बेंबीच्या उंचीवर. खुर्चीच्या पाठीवर उशी ठेव आणि आईचा खांदा समजून तिच्यावर हात ठेव. दाढी कर. मला फोटोत काढता येते, पण मी काढणार नाही.

लोभ फोटोपुरता नसावा.
तुझी बुटकी

१४ मार्च

चि. बुटकीस,
अनेक आशीर्वाद.

फोटोचं मेमरी कार्ड पाकिटात आहे. दाढी केली. उशी तीनदा घसरली, शेवटी दोरीने बांधली. उंची अंदाजपंचे नाही धरली. आई जेवायला टेबलाशी बसली की तिचा खांदा बरोबर माझ्या पट्ट्याच्या रेषेत यायचा, ते मला पक्कं आठवतं.

सुट्टी मागितली तर मिळेल, खोटं कशाला बोलू. मला भीती वाटते. ती माझ्याकडे बघून तुम्ही कोण म्हणून विचारेल, मी नाव सांगेन आणि तिला ते पटणार नाही. इथे सगळं ठीक. कामावर कुठे लिफ्ट अडकते, मी सोडवतो, घरी येतो, जेवतो, झोपतो. काही वाटत नाही. हे लिहितानाही वाटत नाहीये.

आईला नमस्कार सांग. तुला एक टपली.
दादा

३० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दोन्ही फोटो जोडले तर तुझा हात आईच्या खांद्याच्या चार बोटं वर राहिला, अधांतरी. आधी तुला मनसोक्त शिव्या घातल्या. मग फूटपट्टी घेऊन दोन्ही फोटो आईच्या एका जुन्या फोटोशी ताडून पाहिले. तुझी उशी बरोबर होती. आईच आक्रसलीय. मी रोज तिला आंघोळ घालते, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

रडू वगैरे आलं नाही, काम पुढे चालू ठेवलं. नुसता हात खाली ओढला तर कोपर मोडल्यासारखं दिसत होतं. म्हणून तुला अख्खाच खाली सरकवलं. आता तू माझ्याएवढा दिसतोस, जन्मात पहिल्यांदाच. तुझ्या बोटांखाली तिच्या पदरावर सावली घातली. उद्या छापून आईला देते.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझी बुटकी

६ एप्रिल

चि. बुटकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि तसाच साहेबांकडे गेलो. बावीस तारखेचं तिकीट काढलंय. ओळखलं नाही तर नाही. आईला सांगून ठेव.

बाकी समक्ष.
दादा

१३ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आईला सांगितलं. ती म्हणाली, तो तर येऊन गेला. औषधं द्यायला येणाऱ्या बाईंना फोटो दाखवून सांगते की थोरला आला होता, माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता, किती निवांत होता. तू जेवून गेलास का म्हणून माझ्यावर डाफरली. मी म्हटलं, जेवला. दुसरं काय सांगणार? इतकी वर्षं संध्याकाळी दाराकडे तोंड करून बसायची. या आठवड्यात तिने खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली. कधी येणार ते आता विचारत नाही.

दोष माझाच, सावली फार चांगली जमली.

तिकीट रद्द करू नकोस. तिचं वाट बघणं संपलं, दादा. माझं नाही.

तुझी बुटकी