सीटा भरल्याशिवाय

भाऊराया,

बाबांनी जन्मभर लोकांना पोचवलं. आता निदान चार दिवस त्यांना फिरवून आणावं, म्हणून मी त्यांच्या व्हॅनमधल्या सीटा काढल्या. सुताराने पलंग ठोकला, खाली पाण्याची टाकी बसवली, मागच्या दाराशी शेगडी. एकटीने सगळं करताना माझा पिट्ट्या पडला.

आज निघायचं होतं. मी स्टिअरिंगवर, बाबा शेजारी. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि सरळ खाली उतरले. "सीटा भरल्याशिवाय गाडी सुटत नसते," म्हणाले, आणि फाटकाशी उभे राहून हाका मारायला लागले.

"बाबा, आता पॅसेंजर नाहीत. आपण दोघंच."

"एक यायचाय. खिडकीपाशी बसतो तो."

लहानपणी ती तुझी जागा. तुझं नाव आता त्यांना आठवत नाही, पण जागा आठवते. मला तर 'अहो बाई' म्हणतात.

दोनदा बोलावलं, तू आला नाहीस. तिसऱ्यांदा तोंड वेंगाडायचं नाही, म्हणून हे पत्र टाकणार नाही. खिडकीपाशी एक सीट मात्र परत बसवून घेतेय. मीच बसले असते तिथे, पण मग गाडी कोण चालवणार?

चावी हातात धरून बसलेली,
तुझी ताई