या ना कधी घरी

नाचणगाव, ऐन उन्हाळा

आदरणीय साडभाऊ चंद्रभानजी यांस,

प्रेमदासचा सविनय जयभीम. आम्ही इकडे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते खाली येईलच. भावनाताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? तुमचा गुडघा काय म्हणतो? आणि तुमची विहीर? (विहिरीची चौकशी मुद्दाम करतो आहे.) खिशात फोन असताना हा माणूस पत्र काऊन लिहून राह्यला, असं तुम्ही ताईंना विचाराल. त्याचंही उत्तर खाली आहे. तुम्हाला पेपर मागल्या पानापासून वाचायची सवय आहे, पण एवढं पत्र तरी क्रमाने वाचा.

वीज खात्यातून निवृत्त झाल्यापासून माझ्या पायाला भिंगरी लागली आहे, हे तुम्ही चारचौघांत हसून सांगता. सांगा बापडे. नोकरीभर खांबावर चढलो, गावं पाहिली ती वरून. आता खालून पाहतो. जुनं देऊळ (शिल्प पाहायला जातो, हात जोडायला नाही), पडका बुरूज, नगरपालिकेचा बगीचा, मग झोपाळा मोडका का असेना, आणि जिथे ट्रकवाले जेवतात ते हॉटेल, एवढं मिळालं की माझा रविवार सोन्याचा. तुमची मेहुणी पौर्णिमा सोबत येत नाही. "गोटे पाहाले एवढ्या उनात कोण जाते?" असं तिचं म्हणणं. म्हणून मी, स्कूटर आणि डब्यात वर्ध्याची गोरसपाक बिस्किटं. एकट्या माणसाला बोलायला कोणीतरी लागतं. मी दिसेल त्याच्याशी बोलतो आणि निघताना म्हणतो, "या ना कधी घरी, आपलंच घर आहे." माळी, वेटर, रसवंतीवाला, सगळ्यांना म्हणून झालं. तुम्ही म्हणता, मी म्हणतो, अख्खा जिल्हा म्हणतो. आजवर कोणी आलं नाही आणि कोणी येईल असं कोणाला वाटतही नाही.

केळझरला सगळे गणपतीच्या टेकडीवर जातात. मी मागे एका रविवारी टेकडीच्या अलीकडेच शेतात वळलो, कारण हॉटेलवाल्या बापूजींनी पोह्यांवर तर्री ओतता ओतता तिकडे एक जुनी पायविहीर असल्याचं सांगितलं होतं. (पोहे फर्मास. जिभेला अजून आठवण आहे.) दुपार टळटळीत, रानात चिटपाखरू नाही. पायऱ्या घडीव दगडाच्या, कोनाडे कोरलेले. तळ मात्र कोरडा, गाळाला भेगा पडलेल्या. शेवटच्या पायरीवर माझ्याकडे पाठ करून एक लुगड्यातल्या बाई बसल्या होत्या. माझ्यासारख्याच हौशी असतील असं वाटून मला कोण आनंद झाला! दगड, नक्षी, जुने कारागीर यांवर मी पोटभर बोललो. त्या ऐकत होत्या. लुगड्याचा काठ ओला होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. कोरड्या विहिरीत काठ भिजला कशाने, हे मला सुचलं ते स्कूटरला किक मारताना. पण त्याआधी सवयीचं वाक्य तोंडून गेलेलं होतं. आणि साडभाऊ, माझ्या जन्मात पहिल्यांदाच त्याला उत्तर आलं. बाई वळल्या नाहीत. नुसतं विचारलं, "कधी येऊ?"

मी म्हणालो, "केव्हाही या." दुसरं काय म्हणणार?

पुढच्या रविवारी सेलूला पाटोडी-रस्सा खायला गेलो, तर कोपऱ्यातल्या टेबलाशी त्याच बाई, पाठ माझ्याकडे, आणि समोर रिकाम्या ग्लासांची रांग. वेटर बिचारा जग घेऊन नुसता येरझाऱ्या घालत होता. त्याच्या पुढच्या रविवारी वर्ध्याच्या बगीच्यात बाकावर. मग देवळीला जुनी देवळं पाहत होतो, तर ओट्यावर. नकाशावर बोट ठेवून पाहा. केळझर, सेलू, वर्धा, देवळी. बाई आमच्या घराकडे येत होत्या, पायी, आणि घाई न करता.

एका दुपारी पुलगावहून आलो, तर माझ्या खुर्चीत, कूलरसमोर, त्या बसलेल्या. पौर्णिमा म्हणाली, "तुमच्या वळखीच्या हायेत ना? तुमीच बलावलं म्हणे." तिने माठ पुढ्यात ठेवला होता. तो रिकामा झाला, मग पिंप, मग कूलरची टाकी. (आमच्याकडे नळ दिवसाआड येतो, हे तुम्हाला माहीत आहे. शेजारच्या सुमित्राबाई आता आमच्याशी बोलत नाहीत.) जेवण त्यांना लागत नाही. घरभर ओली पावलं उमटतात, ती पुसली तरी संध्याकाळी जागच्या जागी. आणि पौर्णिमेला बाई फार आवडल्या. मी घरी बसत नाही आणि बसलो की तिचं ऐकत नाही. बाई दिवसभर ऐकतात.

सुमित्राबाईंनी बोलणं सोडण्याआधी एका भगताचं नाव सुचवलं होतं. मी म्हणालो, माझ्या बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या उंबऱ्याच्या आत अंगारा आलेला नाही. भूत मी मानत नाही. पाहुणा मात्र मानतो, आणि तीच अडचण आहे, कारण पाहुण्याला "निघा" कसं म्हणणार? मी आडून सुचवून पाहिलं. एसटीच्या वेळा मोठ्याने वाचल्या. बाईंच्या देखत सतरंजी झटकली. त्या पाठमोऱ्या हसल्या असाव्यात, खांदे हलले.

आता खरं सांगतो. बापूजींच्या हॉटेलात गेल्या रविवारी मी तर्रीपोहे मागितले, पुन्हा मागितले, कोणी वळून पाहिलं नाही. बगीच्यात एका जोडप्याने बाकावर बसताना आपली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि ते गप्पा मारत राहिलं. मला हसू आलं. घरी येऊन दार वाजवलं, तर पौर्णिमेने अर्धंच उघडलं आणि अदबीने विचारलं, "कोण पाह्यजे, भाऊ?" आतून बाईंचा आवाज आला, "येऊ दे त्याईले. पाणी दे." मला पाणी मिळालं, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या ग्लासात. थोड्या वेळाने तिला ओळख पटली. दुसऱ्या दिवशी पटायला जास्त वेळ लागला. काल पटलीच नाही. तिने मला चहा दिला आणि आमचे हे फिरायला गेले आहेत, असं सांगितलं. माझ्या पायजम्याच्या कडा आता सुकत नाहीत.

साडभाऊ, मी घाबरलो आहे. "आपलंच घर आहे" असं मी ज्यांना म्हणालो, त्यांनी ते खरं मानलं, यात त्यांचा काय दोष? पण मला माझं घर हवं आहे. पौर्णिमेने चपलांवरून माझ्यावर ओरडावं, एवढंच हवं आहे. दगड पाहिले नाहीत तरी चालेल.

काल मी हिंमत करून बाईंना विचारलं, त्यांना पाहिजे तरी काय. त्या म्हणाल्या, "मायी विहीर आटली." एवढंच. त्यात राग नव्हता. मग मी त्यांना तुमच्या तळेगावच्या विहिरीविषयी सांगितलं, जी वैशाखातही आटत नाही (हे तुम्ही दर भेटीत ऐकवता) आणि जिच्यात डोकावलं की आपलं तोंड दिसतं. तुमच्या नव्या घराच्या कार्यक्रमात तुम्ही भर मांडवात माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला होतात, "प्रेमदासभाऊ, तुमचा मानूस तो माया मानूस, कोनालेही पाठवजा, त्याचंच घर हाय." तेही सांगितलं. बाईंनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

भावनाताईंना जयभीम. चूकभूल माफ असावी.

आपला (आणि अजून तरी पौर्णिमेचा),
प्रेमदास

ता. क. हे पत्र टपालाने पाठवत नाही. ओळखीच्या चिठ्ठीशिवाय परक्या दारी जायला बाई तयार नाहीत, म्हणून त्यांच्याच हाती देतो आहे. म्हणजे तुम्ही हे वाचता आहात तेव्हा त्या तुमच्या अंगणात पाठमोऱ्या उभ्या असतील. आधी पाणी विचारा. तांब्या नको, बादली. विहीर दाखवा, तिथेच त्यांना करमेल. तुमचं ते वाक्य मात्र घराबद्दल बोलू नका, विहिरीपुरतं बोला. मी असं मोजून बोललो नाही, तिथेच चुकलो.

पुन्हा ता. क. बाई खुर्चीवरून उठल्या आणि पौर्णिमा माझ्याकडे पाहून कडाडली, "वल्ले पाय घेऊन कुठी चालले?" मला रडू आलं हो, साडभाऊ. आता त्या फाटकाशी उभ्या आहेत, चिठ्ठीसाठी हात मागे करून. पौर्णिमेने त्यांना खण दिला, गोरसपाकाचा पुडा दिला, आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवायच्या आत, चांगल्या घरची लेक ती, म्हणाली, "येजो वं माय परत. तुयंच घर हाय."

बाई थांबल्या आहेत. वळल्या नाहीत. विचारतात, "कधी येऊ?"