पान लागलं

५ ऑगस्ट २०२५, धानोरा

१. निकाल आला. भाषांतरकार-दुभाषी कौशल्य मूल्यमापन, मराठी–इंग्रजी. हवे होते ७०. मिळाले ६७.
२. कमी पडलेले तिन्ही गुण एकाच शब्दावर गेले. तपासायला दिलेला नमुना माझ्याच कामातला — सर्पदंशाच्या अभ्यासासाठी घेतलेली मुलाखत, नावं काढून. बाई आपल्या नवऱ्याबद्दल म्हणतात, "यायले पान लागलं." तीनदा म्हणतात. मी तिन्ही वेळा इंग्रजीत लिहिलं : साप चावला.
३. शेरा : "मूळ बोलण्यात नसलेला शब्द घातला."
४. फेरतपासणीचा अर्ज २० ऑगस्टपर्यंत. पुरावा जोडता येतो.
५. हा निकाल नसेल तर व्हिसाचा अर्ज नाही. ऑक्टोबरात मला तेहतीस पूर्ण होतात. मग व्हिसासाठी धरले जाणारे वयाचे गुण घटतात आणि बेरीज कधीच पुरत नाही.

६ ऑगस्ट

बाबा फोनवर : "पास का नापास, येवढंच सांग."
सांगितलं.
"पान लागलं म्हंजे काय, हे त्यायले समजत नाई? मंग तेच नापास!"
ते हसले. मला हसू आलं नाही.

८ ऑगस्ट

मूल्यमापन करणाऱ्या संस्थेला विचारलं, शब्दकोशातली नोंद चालेल का? उत्तर : या वक्त्याला तोच अर्थ अभिप्रेत होता, हे दिसलं पाहिजे. म्हणजे मुलाखतीतल्या त्या बाईंनीच, रुखमाबाईंनीच सांगायला हवं.

११ ऑगस्ट

सावली तालुक्यात, त्यांच्या गावी. रोवणा, म्हणजे भातलावणी, चालू होता. बांधीतून बाहेर आल्या, पाय चिखलाचे. ओळखलं. चहा झाला. मी फोन पुढे धरला. एकच वाक्य हवं होतं : पान म्हणजे साप.

"तुले मालूम नाई का वो?"
"मला माहीत आहे. त्यांना नाही."
"मंग तू सांग ना त्यायले."
"तुमच्या तोंडून हवं."
"नाव नाई घेत, पोरी. रोज त्यायच्याच वाटेनं बांधीत जातो आमी. नातू उघड्या पायानं फिरते."

सुनेने आतून विचारलं, तिकडल्या देशात पान लागत नाही का कोणाला? लागतं, म्हटलं. "मंग समजत काऊन नाई?"

बस गाठली.

१४ ऑगस्ट

परत गेले. जायला नको होतं, पण दुसरा मार्ग दिसत नव्हता. वाक्य लिहून अंगठा घेता आला असता. ते मी करणार नाही.

रुखमाबाईंनी एवढंच विचारलं, "याच्यासाठी तुझं जाणं अडलं का?"
मी म्हटलं, "हो." तेवढं पुरलं.

त्यांनी सुनेला नातू घेऊन शेजारी पाठवलं. स्वतः गावाबाहेरच्या हापशीपर्यंत चालत गेल्या. मी फोन धरून मागे. तिथे त्यांनी तो शब्द उच्चारला. एकदाच, भराभर, डोळे मिटून. मग मला म्हणाल्या, "हापस." मी हापसलं. त्यांनी चूळ भरली. बराच वेळ भरत होत्या.

रेकॉर्डिंग अकरा सेकंदांचं. आवाज स्पष्ट.

१५ ऑगस्ट

अर्ज पाठवला. पोच आली.

१८, १९, २० ऑगस्ट

काही नाही.

२ सप्टेंबर

उत्तर आलं. परीक्षक मराठीच आहेत. जसंच्या तसं उतरवते :

"पान लागणे म्हणजे सर्पदंश, हे आम्हांस ठाऊक होते. अर्थाबद्दल आक्षेप नव्हता. बोलणारी स्त्री ते नाव कटाक्षाने टाळते. आपण तिन्ही वेळा ते तिच्या तोंडी घातले, तळटीपही दिली नाही. सोबतच्या रेकॉर्डिंगने आमचे मत बदललेले नाही. ६७ कायम."

दहा वेळा वाचलं. चूक शोधली. सापडली नाही.

३ सप्टेंबर

आज पाठवलेला मजकूर —

"निकाल मान्य आहे. विनंती एकच. १४ ऑगस्टचे रेकॉर्डिंग मी त्या बाईंना कोंडीत पकडून मिळवले. ते आपल्याकडून पूर्ण पुसून टाकावे. माझ्याकडचे मी पुसले आहे. पुसल्याचे १२ सप्टेंबरपर्यंत लेखी कळवावे. मला ते त्यांना जाऊन सांगायचे आहे."